बाराव्या पुस्तकापर्यंत: पोल्डार्क मालिका नीट वाचून कशी संपवावी

विन्स्टन ग्रॅहम यांची पोल्डार्क मालिका म्हणजे इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये घडणाऱ्या बारा ऐतिहासिक कादंबऱ्या. ती सुरू करणारे पुष्कळ, पण बारावं पुस्तक मिटून ठेवणारे फार थोडे. कादंबऱ्या कंटाळवाण्या आहेत म्हणून असं होत नाही. वाट लांब आहे, मध्ये तीन अवघड खिंडी आहेत आणि त्या कुठे येतात हे आधी माहीत नसतं. ते माहीत असेल आणि थोडी तयारी असेल, तर इंग्रजी कादंबऱ्या वाचायची बऱ्यापैकी सवय असलेला कुणीही वर्षभरात शेवटपर्यंत पोहोचतो. वाचताना कुणाचं काय होतं हे इथे फोडलेलं नाही. पहिल्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर असतं त्यापेक्षा फारसं जास्त कळणार नाही, एवढी काळजी घेतली आहे.

क्रम आणि काळ

पुस्तकं या क्रमानेच वाचायची. नावापुढे प्रकाशनाचं वर्ष आहे, कंसात कथेचा काळ.

१. रॉस पोल्डार्क, १९४५ (१७८३–८७)
२. डिमेल्झा, १९४६ (१७८८–९०)
३. जेरेमी पोल्डार्क, १९५० (१७९०–९१)
४. वॉर्लेगन, १९५३ (१७९२–९३)
५. द ब्लॅक मून, १९७३ (१७९४–९५)
६. द फोर स्वॉन्स, १९७६ (१७९५–९७)
७. द अँग्री टाइड, १९७७ (१७९८–९९)
८. द स्ट्रेंजर फ्रॉम द सी, १९८१ (१८१०–११)
९. द मिलर्स डान्स, १९८२ (१८१२–१३)
१०. द लव्हिंग कप, १९८४ (१८१३–१५)
११. द ट्विस्टेड सोर्ड, १९९० (१८१५)
१२. बेला पोल्डार्क, २००२ (१८१८–२०)

दोन्ही रकाने शेजारी ठेवून बघा. चौथ्या आणि पाचव्या पुस्तकात लेखकाची वीस वर्षं गेली, पण कथेत जेमतेम काही आठवडे. सातव्या आणि आठव्यात नेमकं उलट: लेखकाची चार वर्षं, कथेची दहाहून जास्त. अकराव्या आणि बाराव्यात लेखकाची बारा वर्षं, कथेची सुमारे तीन. खिंडी आहेत त्या याच तीन जागी. मालिका अर्धवट सोडणारे बहुतेक वाचक यांपैकीच एखाद्या जागी थांबलेले असतात.

पुस्तकं जमवताना

बाराही पुस्तकं एकदम विकत घेऊ नका. पहिली चार घ्या. चौथ्यापाशी कथेला एक नैसर्गिक विसावा आहे, आणि मालिका आपल्याला मानवते की नाही ते तोवर कळतं. मग पाच ते सात, मग आठ ते बारा. शेवटची पाच मात्र एकदमच हाताशी असू द्या. दहावं संपल्यावर अकराव्यासाठी तीन आठवडे थांबावं लागलं की धागे सुटतात.

जुनी पुस्तकं घेणाऱ्यांची एक फसगत ठरलेली. सुरुवातीच्या काही पुस्तकांच्या अमेरिकन आवृत्त्या वेगळ्या नावांनी निघाल्या होत्या. 'द रेनगेड' म्हणजे पहिलंच पुस्तक, 'व्हेंचर वन्स मोअर' म्हणजे तिसरं आणि 'द लास्ट गॅम्बल' म्हणजे चौथं. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर किंवा किलोवर पुस्तकं विकणाऱ्या प्रदर्शनात यातलं एखादं दिसलं, तर "अरे, हे तेरावं कुठून आलं" म्हणून उचलू नका. पान उघडा आणि कथेचं साल बघा. बहुतेक आवृत्त्यांत नावाखालीच कॉर्नवॉल आणि सालं छापलेली असतात. ओळख पटवायची सर्वांत पक्की खूण तीच.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना हे काम सोपं आहे. तिथल्या स्थानिक सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तक राखून ठेवता येतं आणि शाखेत नसेल तर दुसऱ्या शाखेतून मागवून मिळतं. इथल्या वाचकांना ई-पुस्तक स्वस्त पडतं, पण त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन 'लोकप्रिय अधोरेखनं' आधी बंद करा. शेकडो लोकांनी एकाच वाक्याखाली रेघ मारलेली दिसली की पुढे काहीतरी घडणार याचा वास आधीच लागतो.

पुस्तक कागदी असेल तर त्याला ब्राऊन पेपरचं कव्हर घाला, जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांना घालतात तसं. हे जपणुकीसाठी नाही. मालिकेतल्या प्रत्येक पुस्तकाचं मलपृष्ठ आधीच्या पुस्तकाचा शेवट सांगून टाकतं, तो त्याचा धर्मच आहे. सहावं वाचताना सातव्याची मागची बाजू नजरेस पडली की दोन पुस्तकांची ओढ एका क्षणात संपते. नवं पुस्तक हातात आल्याबरोबर, वाचायला घ्यायच्या आधी, कव्हर चढवून टाका.

वही: चार पानं पुरतात

एक साधी दोनशे पानी वही आणि पेन्सिल. पेन नको, कारण नाती बदलतात, खाणींचे मालक बदलतात, माणसं घरं बदलतात.

पहिलं पान वंशवृक्षाचं. आयता वंशवृक्ष इंटरनेटवरून उतरवून घेऊ नका. त्यात प्रत्येकाच्या नावाखाली जन्म आणि मृत्यूची सालं असतात, म्हणजे बाराही पुस्तकं एका नजरेत फुटली. आपला आपण काढा. कागद आडवा धरून डाव्या टोकाला 'नम्पारा' लिहा आणि उजव्या टोकाला 'ट्रेनविथ'. ही पोल्डार्कांची दोन घरं. नम्पारा कथानायक रॉसचं, ट्रेनविथ त्याच्या काकांचं. ही दोन टोकं कागदावर लांब ठेवली की पहिल्या तीन पुस्तकांतला निम्मा गोंधळ मिटतो.

आणि नाती मराठीतच लिहा. इंग्रजीतला 'कझिन' हा शब्द वाचकाला फार छळतो, कारण त्या एका शब्दात चार वेगवेगळी नाती कोंबलेली असतात. आपल्याकडे प्रत्येकाला शब्द आहे. फ्रान्सिस हा रॉसचा चुलतभाऊ, व्हेरिटी चुलतबहीण. फ्रान्सिसचा मुलगा जेफ्री चार्ल्स हा चुलत पुतण्या. एलिझाबेथ आधी रॉसची प्रेयसी होती आणि तो युद्धावरून परततो तेव्हा ती भावजय व्हायच्या वाटेवर आहे. पहिल्या पुस्तकातला सगळा ताण 'भावजय' या एका शब्दात येतो. पाचव्या पुस्तकात येणारे सॅम आणि ड्रेक हे डिमेल्झाचे भाऊ, म्हणजे रॉसचे मेहुणे. त्याच पुस्तकातली मॉर्वेना ही एलिझाबेथची बहीण, पण सख्खी नव्हे. असं लिहीत गेलात की कोण कुणाशी कसं वागेल, कुणाला कुणापुढे गप्प बसावं लागेल, हे आपोआप उमगत जातं. म्हाताऱ्या अगाथाआत्याचं नाव मात्र झाडाच्या अगदी वरच्या फांदीवर लिहा. ती आजोबांच्या पिढीतली आहे. घरातल्या सगळ्यांच्या कुळकथा तिला पाठ आहेत आणि तोंडावर तिचा ताबा नाही. तिचं एकही वाक्य गाळू नका.

दुसरं पान गावांचं आणि आडनावांचं. कॉर्नवॉलच्या नावांत 'ट्रे', 'पोल' आणि 'पेन' यांचा सुळसुळाट आहे: ट्रेनविथ, ट्रेव्हॅनियन, ट्रेनेग्लॉस, पोल्डार्क, पेनव्हेनन. सुरुवातीला सगळी एकसारखीच वाटतात. कॉर्निश भाषेत 'ट्रे' म्हणजे वस्ती, 'पोल' म्हणजे तळं किंवा डबकं, 'पेन' म्हणजे टोक. आपल्या वाडी, पूर, बुद्रुकसारखंच. एकदा हे कळलं की नजर पुढच्या अक्षरांवर जाते आणि नावं वेगळी दिसू लागतात. डिमेल्झा आणि वॉर्लेगन ही तर कॉर्नवॉलमधल्या खऱ्या वस्त्यांची नावं आहेत, लेखकाने ती माणसांना दिली. सॉल आणि ग्रॅम्बलर नकाशात शोधू नका, ती कल्पनेतली आहेत. ट्रुरो, फाल्मथ, रेडरूथ, बॉडमिन खरी आहेत. नकाशावर उत्तर किनाऱ्यावरच्या पेरनपोर्थवर बोट ठेवा. ग्रॅहम तिथे अनेक वर्षं राहिले आणि कथेतला किनारा त्याच भागातला आहे. तिथून ट्रुरो सुमारे १५ किलोमीटर. कुणी घोड्यावरून ट्रुरोला निघालं की हा आकडा आठवा.

तिसरं पान: खाणी आणि पैसा

हे पान बहुतेक वाचक करत नाहीत आणि दुसऱ्या पुस्तकात अडकतात. म्हणून इथे थोडं थांबू.

कथेतल्या माणसांचं भांडण, मैत्री, कर्ज, निवडणूक, सगळं जमिनीखालच्या तांब्याशी आणि कथिलाशी बांधलेलं आहे. 'व्हील' हा शब्द खाणीच्या नावाआधी येतो, त्याचा चाकाशी काही संबंध नाही. कॉर्निशमध्ये त्याचा अर्थच खाण. व्हील लेझर, व्हील ग्रेस या खाणी. प्रत्येक खाणीला वहीत अर्धं पान द्या आणि चार रकाने पाडा: माल कोणता, भाग कुणाकुणाचे, चालू की बंद, कोणत्या पुस्तकातली बातमी. नमुना म्हणून पहिल्या पुस्तकातली नोंद अशी दिसेल: "व्हील लेझर. तांबं. भाग: रॉस आणि इतर (नावं जशी येतील तशी). सुरू. पु. १." पुढच्या प्रत्येक पुस्तकात याच ओळीखाली एक-दोन ओळी वाढतात. आठव्या-नवव्या पुस्तकात पुढची पिढी खाणीबद्दल बोलू लागते तेव्हा हे अर्धं पान समोर असलं की त्यांच्या बोलण्यामागे तीस वर्षांचा इतिहास ऐकू येतो. नसलं तर ते नुसतं यंत्रांचं वर्णन वाटतं.

खाणीचे भाग म्हणजे आजचे शेअर नव्हेत. आज कंपनी बुडाली तर भागधारकाचे गुंतवलेले पैसे जातात, त्यापुढे काही नाही. त्या काळच्या कॉर्निश खाणीत भागीदार ठरावीक काळाने जमत, हिशेबाची वही वाचली जाई. नफा असेल तर वाटून घेत, तोटा असेल तर तिथल्या तिथे प्रत्येकाने आपल्या हिश्श्याचे पैसे काढून द्यायचे. पाणी उपसायला इंजिन लागलं, काढा पैसे. नवा बोगदा खणायचा आहे, काढा पैसे. म्हणून एखादा सज्जन गृहस्थ खाणीपायी राहतं घर गहाण टाकतो तेव्हा तो जुगारी आहे असं समजू नका. पद्धतच तशी होती.

आता दुसऱ्या पुस्तकाची किल्ली. तांब्याचं अशुद्ध खनिज कॉर्नवॉलमध्ये निघे, पण वितळवायला लागणारा कोळसा तिथे नव्हता. खनिजापेक्षा कोळसाच जास्त लागत असल्याने कोळसा आणण्यापेक्षा खनिज जहाजाने दक्षिण वेल्समध्ये, स्वॉन्झीकडे पाठवणं परवडे. खनिज विकलं जाई ते 'टिकेटिंग'ला. खरेदीदार कंपन्यांचे प्रतिनिधी एका टेबलाभोवती बसत, प्रत्येक ढिगासाठी आपला भाव चिठ्ठीवर लिहून देत, चिठ्ठ्या उघडल्या जात आणि ज्याचा भाव सर्वांत जास्त त्याला माल. बोलाचाली नाही, वर चढवाचढवी नाही. आपल्याकडे रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचे ते आठवा. तिथे बोटांऐवजी चिठ्ठी, इतकंच. लिलाव असूनही भाव पडतात कसे? खरेदीदार मोजके, एकमेकांना ओळखणारे, त्यांनी आधीच आपापसात ठरवलं तर चिठ्ठ्या ही नुसती औपचारिकता. त्यात १७८० च्या दशकात वेल्समधल्या अँगलसी बेटावर पॅरिस डोंगरात उघड्या खाणीतून भरपूर स्वस्त तांबं निघत होतं आणि खोल, पाण्याने भरणाऱ्या कॉर्निश खाणींना तो भाव परवडेना. रॉस दुसऱ्या पुस्तकात जे धाडस करतो ते का करतो, हे एवढ्यावरून कळतं. ती प्रकरणं चाळत पुढे गेलात तर पुढच्या दहा पुस्तकांतल्या वैराचं मूळ हातातून जातं.

खाणीतले आणखी थोडे शब्द. 'अॅडिट' म्हणजे पाणी वाहून जावं म्हणून डोंगराच्या कुशीतून उताराने काढलेला बोगदा. 'लोड' म्हणजे खडकातली धातूची शीर. 'ट्रिब्यूटर' हा असा खाणकामगार जो आपण काढलेल्या खनिजाच्या किमतीतला ठरलेला वाटा घेतो. 'टटवर्कर' मोजमापावर काम करतो, किती फॅदम खणलं त्यावर पैसे, आणि एक फॅदम म्हणजे सहा फूट. 'बाल-मेडन' म्हणजे खाणीवर, जमिनीच्या वर, हातोड्याने खनिज फोडणाऱ्या बायका आणि मुली. एवढे शब्द पुरतात. (पुढे याच कॉर्निश खाणकामगारांपैकी काही जण आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीत कामाला आले.)

पैशाचं गणित जुन्या मराठी माणसाला सोपं जावं. एका पौंडाचे वीस शिलिंग, एका शिलिंगचे बारा पेन्स. आपल्याकडे एका आण्याचे बारा पै होतेच. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. या रकमांचे आजचे रुपये करत बसू नका, त्यातून काही हाती लागत नाही. त्याऐवजी कथेत मजुराच्या पगाराचा पहिला आकडा येईल तो वहीत लिहून ठेवा आणि पुढची प्रत्येक रक्कम त्याने मोजा. "हे कर्ज म्हणजे अमुक इतक्या महिन्यांची मजुरी" असं म्हटलं की आकड्याला वजन येतं. बँका म्हणजे सरकारी बँका नव्हेत, खाजगी पेढ्या आहेत. पेढीवरचा विश्वास उडाला की दारात रांग लागते आणि पेढी बसते. आपल्याकडच्या सावकारी पेढ्यांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

चौथं पान: दोन्हीकडची सालं

कथेतली सालं लक्षात राहत नाहीत कारण आपल्या मनात त्या सालांना खुंटी नसते. खुंटी आपल्या इतिहासातली घ्या. रॉस अमेरिकेतल्या युद्धावरून १७८३ मध्ये घरी येतो, इकडे १७८२ मध्ये सालबाईचा तह झालेला आहे. पाचवं पुस्तक फेब्रुवारी १७९४ मध्ये, चंद्रग्रहणाच्या वेळी, एका बाळाच्या जन्माने उघडतं. त्याच महिन्यात पुण्याजवळ वानवडीला महादजी शिंदे वारले. १७९५ ला खर्ड्याची लढाई. सातवं पुस्तक १७९९ च्या अखेरीस संपतं आणि मार्च १८०० मध्ये नाना फडणवीस जातात. बारावं सुरू होतं १८१८ मध्ये, पेशवाई संपली त्या वर्षी.

मधल्या गाळलेल्या वर्षांतली खुंटी सर्वांत पक्की. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला, आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली हाच पुढे वेलिंग्टन झाला. आठव्या पुस्तकात पोर्तुगालमधल्या युद्धात आणि अकराव्यात १८१५ च्या वॉटर्लूत ज्याचं नाव येतं तो हाच. डाव्या रकान्यात त्यांची सालं, उजव्यात आपली. एका पानात मावतं आणि वर्षभर उपयोगी पडतं.

वेग

बारा पुस्तकं मिळून साधारण सहा हजार पानं धरा, आवृत्तीनुसार थोडं मागेपुढे. महिन्याला एक पुस्तक म्हणजे दिवसाला सोळा-सतरा पानं, अर्धा-पाऊण तास. हा वेग उत्तम. पहिली दोन पुस्तकं याहून भराभर वाचली जातील, वाचू द्या. मात्र एका महिन्यात चार पुस्तकं उडवली तर पाचव्यात दम लागतो, कारण माणसं मनात मुरायला वेळ मिळालेला नसतो.

बोलीभाषेमुळे पहिली शंभर पानं हळू जातील. नोकर-चाकर, कोळी, खाणकामगार कॉर्निश वळणाचं इंग्रजी बोलतात आणि ते उच्चाराप्रमाणे लिहिलेलं आहे. 'टेडन्ट' म्हणजे 'ते तसं नाही', ''ई' म्हणजे 'तू'. डोळ्यांनी वाचून हे कळत नाही, मोठ्याने वाचा. छापील मालवणी ज्यांना पहिल्यांदा कोड्यासारखी वाटली आणि मोठ्याने वाचल्यावर एकदम उलगडली, त्यांना ही युक्ती ठाऊक आहे. जड आणि प्रुडी या दोन नोकरांची भांडणं तर मोठ्यानेच वाचावीत. दहा पानांत कान तयार होतो.

पहिली खिंड: चौथं ते पाचवं

वॉर्लेगन संपतं तेव्हा बऱ्याच वाचकांना वाटतं, झालं, इथेच थांबलं तरी चालेल. लेखकही इथे वीस वर्षं थांबले होते. पाचव्यात लिखाणाची घडण बदललेली जाणवते: धागे जास्त, माणसं जास्त, रॉस आणि डिमेल्झा काही प्रकरणं दिसतच नाहीत. नेहमीची तक्रार अशी की सॅम, ड्रेक, मॉर्वेना ही नवी मंडळी आपली वाटत नाहीत. उपाय साधा आहे. चौथ्यानंतर दहा-पंधरा दिवस दुसरं काहीतरी वाचा, मग पाचव्याची पहिली दीडशे पानं कुठलाही निवाडा न करता वाचा. पाच, सहा आणि सात ही एकच मोठी कादंबरी आहे असं धरा. आमच्या मते संपूर्ण मालिकेतला सर्वांत भक्कम भाग हाच. सातव्याच्या शेवटी हा भाग जी किंमत वसूल करतो ती पाचव्यातल्या संथ पानांवर उभी आहे.

दुसरी खिंड: सातवं ते आठवं

सर्वांत जास्त गळती इथे होते, आणि त्याला दूरदर्शन मालिकाही कारण आहे. बीबीसीची १९७५–७७ ची मालिका सातव्या पुस्तकापाशी थांबते. २०१५–१९ च्या मालिकेची पहिली चार पर्वं पहिल्या सात पुस्तकांवर आहेत. पाचवं पर्व मात्र सातव्या आणि आठव्या पुस्तकामधल्या गाळलेल्या काळात घडतं आणि त्यातली बरीचशी कथा मालिकेसाठी नव्याने रचलेली आहे. नेड डेस्पार्ड हा इतिहासातला खरा माणूस त्यात येतो. त्याला आठव्या पुस्तकात शोधाल तर सापडणार नाही. मालिका पाहून आलेल्यांनी आठव्यावर उडी मारू नये. पडद्यावर बरंच गाळलेलं आणि बदललेलं आहे. निदान पाच ते सात वाचा, शक्य तर पहिल्यापासूनच.

सातवं मनावर ओझं ठेवून संपतं. दोन-तीन दिवस काहीच वाचू नका. मग वहीतला वंशवृक्ष घ्या आणि प्रत्येक नावापुढे १८१० मधलं वय काढा. हे काम पंधरा मिनिटांचं, पण आठव्या पुस्तकाची अर्धी तयारी यातच होते. रॉस पन्नाशीत आलेला आहे. काल अंगणात रांगणारी मुलं आता प्रेमात पडायच्या वयाची आहेत. आणि शेवटचं पुस्तक जिच्या नावाचं आहे त्या बेलाचा, इझाबेला-रोझचा, जन्म याच गाळलेल्या वर्षांत, १८०२ मध्ये झालेला आहे. आठव्यात ती आठ वर्षांची चुणचुणीत, मोठ्या आवाजाची मुलगी म्हणून येते आणि वाचक तिच्याकडे लक्ष देत नाहीत, कारण ते मोठ्या भावंडांत गुंतलेले असतात. वहीत बेलासाठी एक कोपरा राखा. आठ ते अकरा या पुस्तकांत ती जिथे जिथे गाते, बोलते किंवा हट्ट करते, तिथला पान क्रमांक टिपा. फार नोंदी होणार नाहीत. बाराव्याला बसाल तेव्हा त्या वाचून घ्या.

आठव्याची पहिली शंभर पानं सलग तीन दिवसांत वाचा. थांबत थांबत वाचली तर जुन्या माणसांची आठवण नव्यांना घरात घेत नाही.

तिसरी खिंड: अकरावं ते बारावं

अकराव्यानंतर थांबा, निदान आठवडाभर. हे पुस्तक वॉटर्लूचं आहे, एवढं सांगितलं तरी त्यात काय जड असणार ते कळावं. लगेच बारावं उघडलं तर सगळं जरा जास्तच लवकर पुढे सरकल्यासारखं वाटतं. खरं तर मध्ये तीन वर्षं गेलेली असतात आणि घरातले लोक त्यातून आपापल्या परीने बाहेर आलेले असतात. वाचकालाही थोडी वर्षं हवीत. निदान थोडे दिवस.

बारावं बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळं निघतं. कारण सरळ आहे. ग्रॅहम यांनी ते नव्वदी ओलांडल्यावर प्रसिद्ध केलं, आणि ते आयुष्यभर रहस्यकथाही लिहीत आले होते. त्या हाताची ओळख या पुस्तकात पटते: एकीकडे गाणं, रंगभूमी, लंडन, दुसरीकडे गावातल्या वाटांवर एक भीती. सगळ्या गाठी सुटून सुखाने शेवट होईल या आशेने वाचणारे मधेच हिरमुसतात. हे निरोपाचं पुस्तक नाही, घर पुढे चालू राहतं आहे असं सांगणारं आहे. ती समजूत घेऊन उघडा. सुरुवातीला एकदा वंशवृक्ष आणि खाणींचं पान नजरेखालून घाला, बेलाचा कोपरा वाचा, आणि व्हॅलेंटाइन (पाचव्याच्या सुरुवातीला जन्मलेलं ते बाळ) या नावापुढे तुम्ही पाचव्या पुस्तकापासून काय काय लिहीत आला आहात ते सगळं पुन्हा वाचा. हे शेवटचं मुळीच टाळू नका.

वेग इथे निम्मा करा. पुस्तक जाड आहे आणि शेवट जवळ आला की हात आपोआप पळू लागतो. शेवटची साठ-सत्तर पानं मात्र तुकड्यांत नको. सुट्टीची दुपार ठेवा आणि एका बैठकीत वाचा. कुठल्याही व्यक्तिरेखेचं नाव गूगलमध्ये टाकू नका, अगदी स्पेलिंग तपासायलाही नाही. नाव पुरं लिहायच्या आधीच खाली 'मृत्यू' असा पर्याय येतो. शंका असेल तर गावाचं किंवा खाणीतल्या शब्दाचं नाव टाका.

संपल्यावर पहिल्या पुस्तकाची प्रस्तावनेसारखी छोटी सुरुवात पुन्हा वाचा, मार्च १७८३ ची, रॉसच्या आजारी वडिलांची. दहा-बारा पानं आहेत. मग हवं तर दूरदर्शन मालिकेचं पाचवं पर्व बघा, आता त्याने काही बिघडत नाही. आणि कॉर्नवॉल अजून मनातून जात नसेल तर ग्रॅहम यांचं १९८३ चं 'पोल्डार्क्स कॉर्नवॉल' मिळतं का बघा. त्यात ही माणसं ज्या कड्यांवर आणि वाळूवर वावरली ती खरी जागा दिसते.